बी-सतराचा मानकरी

“ढमाले, हा काय प्रकार आहे?”

रविवारची सकाळ. टिपणीस साहेब पार्किंगमध्ये अर्ध्या चड्डीवर उभे होते आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र गाडीच्या बॉनेटवर भंडाऱ्याचा पिवळाजर्द पंजा उमटला होता. पाचही बोटं स्वच्छ.

“पंजा आहे,” मी म्हणालो.

“ते मलाही दिसतंय. कुणाचा?”

“आईचा. देवाच्या पाया पडून उठताना गाडीचा आधार घेतला असेल. गुडघे धरतात तिचे.”

“इथं देव कुठं आहे?”

मी खांबाकडं बोट केलं. खांबावर ‘बी-१७’ असं रंगवलं होतं. त्याच्याखाली हळदीचे पट्टे, त्याच्याखाली फोडलेला नारळ, आणि नारळाच्या पाण्यावर जमलेल्या मुंग्या. टिपणीसांची गाडी ह्याच खांबाला नाक लावून उभी राहायची.

“हा खांब आहे, ढमाले.”

“खांब नंतर आला साहेब. देव आधीचा आहे.”

टिपणीस सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि घरी आला तरी हुद्दा काढून ठेवत नव्हता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पंजा पुसायला गेले, आणि सगळं बॉनेट पिवळं करून बसले. भंडारा असा कोरड्या रुमालानं जात नाही. मला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं.

जिथं ह्या चार बिल्डिंगी उभ्या आहेत तिथं आमची ज्वारी उभी असायची. जमीन वडिलांनी आणि चुलत्यांनी बिल्डरला दिली. कुणी लुबाडलं, फसवलं, असलं रडगाणं मी गाणार नाही. हौसेनं दिली. चुलत्यांनी जीप घेतली, वडिलांनी गळ्यात सोन्याची साखळी घातली, आणि पुढची दोन वर्षं दोघं ढाब्यावर जीप आणि साखळी दाखवत हिंडले. मग वडील गेले, साखळी तर त्यांच्या आधीच गेली होती, आणि आमच्याकडं पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट राहिला, कचऱ्याच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर. सोसायटीचं नाव इंग्रजी होतं. आईला ते कधी म्हणता आलं नाही. ती ‘बिल्डिंग’ म्हणायची, आणि रागात असली की ‘आपलं वावर’. त्या आपल्या वावरात शिरताना गेटवरचा वॉचमन आम्हाला विचारायचा, “कुणाकडं जायचंय?”

वावरात खंडोबाचा एक ओटा होता. बिल्डर म्हणाला होता, देवाला धक्का लावणार नाही. लावला. आम्ही राहायला आलो आणि थोड्याच दिवसांत आईनं ओट्याची जागा शोधून काढली. आवाराच्या कोपऱ्यात एक जुनी चिंच होती, तेवढी बिल्डरला तोडता आली नव्हती. तिच्यापासून आई अनवाणी चालत निघाली आणि बी-सतराशी येऊन थांबली. म्हणाली, “हितं. पायाला कळतं.” तेव्हापासून दर रविवारी खांबाला भंडारा.

एवढ्यावर भागलं असतं. पण माझं लग्न झालं.

आमच्यात लग्न झालं की खंडोबाचं जागरण घालावं लागतं. वाघ्या-मुरळी येतात, चौक मांडतात, रात्रभर देवाची गाणी म्हणतात, आणि शेवटी लंगर तोडतात. लंगर म्हणजे लोखंडी साखळी. ती हिसका देऊन तोडली की जागरण पुरं झालं, देव पावला. आणि जोवर जागरण होत नाही तोवर नवरा-नवरीनं एका खोलीत झोपायचं नाही. हा नियम कुणी काढला मला माहीत नाही. ज्यानं काढला त्याचं लग्न झालेलं नसणार.

तर आमच्या फ्लॅटमध्ये व्यवस्था अशी: बेडरूममध्ये आई आणि माझी नवी कोरी बायको वैजयंता, हॉलमध्ये मी, शाळेत जाणारा धाकटा भाऊ विलास आणि धोंडूमामा. मामा लग्नाला आले होते ते जागरण करूनच जाणार होते. मामा घोरायचे नाहीत. मामा झोपेत ट्रॅक्टर चालवायचे. गिअर टाकलेले कळायचे.

सकाळी वैजयंता चहाचा कप माझ्यापुढं ठेवायची आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारायची, “कधी हो पावतोय तुमचा देव?”

“बघतो.”

“बघा बाई. नाहीतर मला माहेरी सोडा. तिथं निदान झोप तरी लागते. आत्याबाई रात्रभर कूस बदलत्यात आणि माझ्या कानात देवाची नावं घेत्यात.”

आता कळलं माझं काय अडलं होतं? जागरण हवं होतं, आणि लवकर हवं होतं. आणि आईचं म्हणणं, जागरण होईल तर बी-सतरापाशी.

मी कमिटीपुढं गेलो. क्लब हाउसमध्ये टेबलामागं टिपणीस, आजूबाजूला मान डोलवणारे चौघं.

“रात्री दहानंतर आवाज चालणार नाही,” टिपणीस म्हणाले. “कायदा आहे. दिवसा करा.”

“साहेब, जागरण आहे.”

“मग दिवसा जागा.”

“दिवसा सगळेच जागे असतात. त्याला जागरण म्हणत नाहीत साहेब, त्याला दिवस म्हणतात.”

चौघांतला एकजण हसला. टिपणीसांनी त्याच्याकडं पाहिलं, तो थांबला.

“अकरा ते चार,” टिपणीस म्हणाले. “माईक नाही. आग पेटवणार असाल तर शेजारी अग्निशामक सिलिंडर ठेवायचा. गेटवर सामान तपासलं जाईल. लोखंड, काठ्या, बाटल्या आत येणार नाहीत. जप्त केलेलं सामान केबिनमध्ये कुलपात राहील.”

हा तपासणीचा नियम आमच्यासाठी नव्हता, हे मी कबूल करतो. आदल्याच महिन्यात वरच्या मजल्यावरच्या दोन इंजिनिअरांनी वाढदिवसाच्या पार्टीत एकमेकांच्या डोक्यात बिअरच्या बाटल्या घातल्या होत्या. पण नियम निघाला आणि पहिले सापडलो आम्ही. नियमांचं असंच असतं. शिकलेले लोक भांडतात आणि तपासतात आमच्या पिशव्या.

“आणि जागा?” मी विचारलं.

“व्हिजिटर पार्किंग.”

“देव बी-सतरात आहे.”

“बी-सतरा माझं आहे. मी त्याचे पैसे मोजलेत.”

“मोजले असतील. पण देव त्या पैशात नव्हता.”

सोमवारी बी-सतरावर साखळी आली. पार्किंगच्या तोंडाशी दोन बुटके खांब रोवले, त्यांच्यामध्ये जाडजूड साखळी, दोन्ही टोकांना पितळी कुलूप. मी तोंड पाडून घरी आलो, आईला सांगितलं. मला वाटलं, आता ती भांडायला उतरणार. ती गॅलरीत गेली, वाकून साखळी नीट बघितली आणि म्हणाली, “झ्याक झालं. गाभारा झाला. देव आत, आपण भाईर.”

“चालेल तुला?”

“चालंल की. साखळीच्या अलीकडं चौक मांडू. तोंड खांबाकडं.”

आणि ती हसली. माझी आई सहज हसणारी बाई नाही. पण मला तेव्हा तिच्या हसण्याचा विचार करायला सवड नव्हती. माझं सगळं लक्ष रविवारकडं होतं. टिपणीसांनाही साखळीच्या अलीकडे काही म्हणता येईना, तो रस्ता सगळ्यांचा.

रविवारी निवृत्तीबुवा वाघ्या रिक्षातून उतरले. बरोबर शेवंता मुरळी आणि तुणतुणंवाला. गेटवर वॉचमननं पिशव्या उघडल्या. भंडारा हुंगून पाहिला, दिवटी उलटीसुलटी केली, तुणतुण्याच्या तारेला बोट लावून ती वाजते की नाही ते बघितलं. मग बुवांच्या पिशवीतून लंगर निघाला.

“ये क्या है?”

“लंगर हाय बाबा. देवाचा.”

“लोहा है. जमा करो.”

बुवांना वाटलं, देवळाबाहेर चपला ठेवतात तसं काही असेल. त्यांनी लंगर दिला. मी तेव्हा वर केळीचे खुंट बांधत होतो. मला हे कुणी सांगितलं नाही.

अकरा वाजता चौक मांडला. पाच ऊस उभे केले, मधे घट, नारळ, भंडाऱ्यानं भरलेलं पितळी ताट. शेजारी लालभडक सिलिंडर. शेवंतानं तो सिलिंडर बघितला, तिला वाटलं ह्यांच्यात हाही देव असेल, तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं. तिचं बघून आमच्या सगळ्या बायकांनी वाहिलं. दुपारपर्यंत त्या सिलिंडरपुढं नाणी पडली होती.

बुवांनी सुरुवात केली. आवाज असा की माईकची काय गरज. बाल्कन्यांत माणसं आली, मोबाइल वर झाले. टिपणीसांच्या मिसेस, रेवतीताई, खाली आल्या आणि सरळ पुढच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायला लागल्या. टिपणीस मागं उभे. त्यांच्या मोबाइलमध्ये आवाज मोजायचं काहीतरी होतं. काटा वर गेला की ते ओरडायचे.

“ब्याऐंशी!”

बुवांना वाटलं, माणसाला रंग चढला. त्यांनी हात वर केला, “येळकोट!”

“येळकोट!” सगळे.

“अहो, चौऱ्याऐंशी झाले!”

“येळकोट येळकोट!”

“अठ्ठ्याऐंशी!”

“जय मल्हार!”

टिपणीस जितके ओरडत तितका आकडा चढे, आकडा चढला की ते आणखी ओरडत. शेवटी ब्याण्णवला त्यांचा घसा बसला. पण तोवर बाल्कनीतली पोरंपोरी आकड्याची वाट बघायला लागली होती. आकडा येईना तसं वरून कुणीतरी ओरडलं, “टिपणीस अंकल, स्कोअर काय?”

खरा घोटाळा दिवसानं केला. रात्री जागणं सोपं असतं, रात्रीला धाक असतो. आम्ही बारा वाजता पाहुण्यांना पुरणपोळ्या वाढल्या, वर तूप, वर कटाची आमटी. दोनच्या सुमाराला अर्धं जागरण आडवं झालं. तुणतुणंवाला बसल्या जागी डुलक्या घेत तार छेडत होता. मामांनी साखळीच्या बुटक्या खांबाला पाठ लावून ट्रॅक्टर सुरू केला. आई हातात लाटणं घेऊन सतरंज्यांमधून फिरायला लागली. ज्याचा डोळा मिटला त्याच्या गुडघ्यावर लाटणं.

“ऊठ रं! जागरण हाय! निजायला आलाय व्हय?”

मामा दचकून उठले आणि झोपेतच बरळले, “अक्का, उगं मारतीस. ओटा हितं नव्हताच. ओटा तिकडं जनरेटरपाशी हुता.”

“गप बस,” आई म्हणाली आणि त्यांना आणखी एक दिलं.

वैजयंता माझ्याशेजारी बसली होती, डोक्यावर पदर, मान खाली. ओठ न हलवता म्हणाली, “किती वाजले?”

“साडेतीन.”

“लंगर कधी?”

“आता तोडतील.”

“सकाळपासून बसून पायाला मुंग्या आल्यात माझ्या. तुमच्या देवाला म्हणावं, आता आवर.”

बुवांनी शेवटचं गाणं संपवलं, कपाळाचा घाम पुसला आणि पिशवीत हात घातला. मग त्यांना आठवलं.

“नवरदेव, लंगर तेवढा आणा.”

“कुठाय?”

“तुमच्या दारवानाकडं.”

मी धावत गेटवर गेलो. केबिनला कुलूप. वॉचमन नवा. “चाबी तो पहलेवाला ले गया. ड्यूटी खतम.” पहिला कुठं राहतो? माहीत नाही. फोन? बंद. मी परत आलो तेव्हा चारला पाच कमी होते आणि टिपणीस घड्याळाच्या काचेवर बोट आपटत होते.

“बुवा, लंगराशिवाय नाही का भागत?”

“कसं भागंल? लंगर तुटला न्हाई तर जागरण पुरं झालं न्हाई. पुढल्या रविवारी परत मांडू.”

पुढच्या रविवारी! माझ्या डोळ्यांपुढं मामा उभे राहिले. सात रात्री. सगळे गिअर. मी वैजयंताकडं पाहिलं. तिनं पदराआडून असं बघितलं की मला चारचौघांत घाम फुटला.

तेवढ्यात आई म्हणाली, “ही काय समोर साखळी.”

सगळ्यांनी बी-सतराच्या साखळीकडं पाहिलं. बुवांनी वाकून ती हातात घेतली, तोलली आणि मला जवळ ओढून कानात म्हणाले, “नवरदेव, एक सांगू का? आमच्या लंगराची एक कडी मऊ आसती. मुद्दाम. ही पोलादी हाय. हात निघंल खांद्यातनं.”

“निघू दे,” मी म्हणालो. माझी तेव्हा हात द्यायचीही तयारी होती.

मी साखळी ओलांडून खांबाच्या बाजूला गेलो, ती मधोमध धरली, भंडारा उधळला, “सदानंदाचा येळकोट!” आणि हिसका दिला. साखळी हलली नाही. माझं मनगट वाजलं. दुसरा हिसका. तिसऱ्याला माझी विजार उसवली. बाल्कनीतून टाळ्या पडल्या. कशासाठी ते कळलं नाही.

“ढमाले! सोडा ती साखळी!” टिपणीसांच्या बसलेल्या घशातून बदकासारखा आवाज निघाला. “प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे!”

ते भंडाऱ्याचं ताट ओलांडून आले आणि त्यांनीही साखळी धरली. मी एका बाजूनं, ते माझ्या समोरून.

“सोडा!”

“तुटू दे साहेब, नवी घेऊन देतो!”

“प्रश्न साखळीचा नाही! तत्त्वाचा आहे!”

“माझा नाही तत्त्वाचा!”

ते ओढत होते, मी ओढत होतो. खाली ढोलकी नव्हती तर लोकांनी टाळ्यांचा ताल धरला. रेवतीताई उठून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, “ओढा! ओढा!” कुणाला म्हणत होत्या देव जाणे. माझे हात भंडाऱ्यानं माखलेले. ते निसटले. टिपणीस अंगाचा सगळा भार मागं टाकून ओढत होते, तो सगळा हिसका एकट्या साखळीवर आला. टण्ण! एका कडीचं वेल्डिंग उघडलं, साखळीचे दोन तुकडे झाले आणि सोसायटीचे सेक्रेटरी मागच्या मागं भंडाऱ्याच्या ताटात बसले.

पिवळा ढग उठला. ढग बसला तेव्हा आत टिपणीस होते. भुवया पिवळ्या, मिशा पिवळ्या, चष्मा पिवळा. हातात साखळीचा तुकडा.

“लंगर तुटला!” बुवा गरजले. “येळकोट येळकोट जय मल्हार!”

बाल्कन्यांसकट सगळी बिल्डिंग ओरडली. आकडा मोजायला कुणी नव्हतं, नाहीतर शंभराच्या वर असता. मी वैजयंताचा हात धरणार तेवढ्यात बुवा टिपणीसांपुढं वाकले.

“ज्याच्या हातनं लंगर तुटला त्यो मानकरी. वहिनी, मान द्या ह्यांला.”

आई आली. हातात टॉवेल, टोपी, नारळ. माझ्या मापाची टोपी. तिनं ती टिपणीसांच्या डोक्यावर ठेवली, हातात नारळ दिला, आणि आधीच पिवळ्या असलेल्या कपाळाला आणखी भंडारा लावला. टिपणीस उठले आणि टोपीसकट लिफ्टकडं पळाले.

“झालं ना बुवा?” मी विचारलं.

“झालं की. आता मानकरी जेवला का उठला देव.”

“आणि नाही जेवला तर?”

“न्हाई कसा जेवंल? मानकरी उपाशी ऱ्हायला तर जागरण फुकट.”

मी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, “बरूबर हाय.” वैजयंता उठली, वर गेली, भरलेलं ताट घेऊन आली. पाच पुरणपोळ्या, तुपाची वाटी, आमटी, भात. ताट माझ्या हातात दिलं.

“जावा. आणि त्यांनी जेवल्याबिगर खाली येऊ नका.”

आमच्या बिल्डिंगला दोन लिफ्ट. पुढची आरसा लावलेली, राहणाऱ्यांसाठी. मागची कामवाल्या बाया, दूधवाले आणि कचऱ्यासाठी. हातात ताट असल्यावर मागचीनं जायचं असा नियम होता. मी पुढचीनं गेलो. आरशात एक पिवळा माणूस ताट घेऊन उभा होता, विजार उसवलेला.

दार रेवतीताईंनी उघडलं. “या, नवरदेव. मानकरी अंघोळीला बसलेत. दुसरा साबण चालू आहे.”

टिपणीस टॉवेल गुंडाळून आले. साबणानं भंडारा गेला नव्हता, फक्त सगळीकडं सारखा पसरला होता.

“मी देव मानत नाही, ढमाले.”

“मानू नका. जेवा.”

“मी कशाला जेवू? माझी साखळी तोडलीत, माझी गाडी रंगवलीत, मला रंगवलंत. आणि वर जेवायला वाढता? एका अटीवर जेवेन. तुमच्या आईनं खांबाची पूजा बंद करायची. लेखी द्या.”

मला भांडता आलं असतं. जमीन, ओटा, वॉचमन, सगळं बाहेर काढता आलं असतं, आणि एरवी मी काढलंच असतं. पण तेव्हा माझ्यात तेवढी ताकद उरली नव्हती. मी ताट टेबलावर ठेवलं.

“साहेब, खांबाचं नंतर बघू. माझं लग्न होऊन आठवडा उलटला. मी रोज मामाशेजारी झोपतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे जागरण पुरं होईपर्यंत नवरा-नवरी वेगळे. आणि तुम्ही जेवल्याशिवाय जागरण पुरं होत नाही.”

रेवतीताई लगबगीनं स्वयंपाकघरात गेल्या. आत स्टीलची भांडी पडल्याचा आवाज झाला आणि त्याच्यामागून तोंड दाबून हसल्याचा.

टिपणीस खुर्चीत बसले. डोक्यातल्या डोक्यात त्यांनी सगळं एकदा मांडून पाहिलं असावं.

“म्हणजे तुमचं... ते... माझ्या जेवणावर अवलंबून आहे?”

“हो.”

“हे अत्यंत अशास्त्रीय आहे.”

“मान्य आहे. तूप घेणार ना?”

त्यांनी ताटाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. उसवलेल्या विजारीकडं पाहिलं. मग एक घास मोडला. चावता चावता त्यांचा चेहरा बदलला. दुसरी पोळी तुपात बुडवली. तिसरीला म्हणाले, “आमटी फक्कड आहे, कुणी केली?” मी म्हणालो, आईनं. चौथीला त्यांनी टॉवेलची गाठ सैल केली. पाचवी संपवून ते ताटात बघत राहिले.

इंटरकॉम वाजला. रेवतीताईंनी उचलला. पलीकडून आईचा आवाज मला खुर्चीतही ऐकू आला. तिला वाटायचं, फोनवर अंतराच्या मानानं ओरडायचं असतं.

“जेवला का?”

“जेवले!” रेवतीताई म्हणाल्या. “आणखी दोन पाठवा म्हणतायत!”

मी खाली पोचलो तेव्हा आई आपली वळकटी बेडरूममधून ओढत हॉलमध्ये आणत होती. मामांच्या शेजारी तिनं ती टाकली, लाटणं उशाशी ठेवलं. वैजयंता दारात उभी होती. म्हणाली, “पावला म्हणायचा.”

ह्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचं, विलासचं लग्न झालं. जागरण बी-सतरापाशीच. आता बिल्डिंगमध्ये कुणी काही म्हणत नाही, उलट वर्गणी देतात. चौक मांडायच्या आदल्या दिवशी मी आईजवळ बसून ऊस साफ करत होतो. सहज म्हणालो, “मामा तेव्हा गावी परतायच्या आधी मला पुन्हा म्हणाले होते. ओटा जनरेटरपाशी होता म्हणून.”

“व्हताच,” आई म्हणाली.

“काय?”

“जनरेटरपाशीच व्हता. मला काय ठावं न्हाई व्हय? लगीन होऊन आले तवापासनं सारवलाय त्यो ओटा.”

“मग बी-सतरा कशाला? पायाला कळतं म्हणालीस!”

तिनं उसाचं पाचट सोललं, बाजूला ठेवलं.

“आपून ऱ्हायला आलो त्या हप्त्यात वरच्या बाईनं हळदीकुकवाला बलावलं व्हतं. मी नवं लुगडं नेसले, नथ घातली. लिफ्टीत ह्यो टिपणीस. मला बघून म्हणला, मावशी, कामवाल्यांनी मागच्या लिफ्टीनं जायचं.”

“मग?”

“मग काय. गेले मागच्या लिफ्टीनं. माझ्यासंगट कचऱ्याचे दोन डबं व्हते. नाकाला पदर लावला आन् वर जाईस्तवर इचार केला.”

“कसला?”

“देव कुठं बसवावा त्याचा.”

मी ऊस खाली टाकला आणि जिना उतरलो. अंगाचा नुसता भडका उडाला होता. इतकी वर्षं मी ह्या माणसाला दिवाळीचा फराळ देत होतो. म्हटलं, आज गळा धरायचा, मग जागरणाचं काय व्हायचं ते होवो.

टिपणीस बी-सतरात होते. रिटायर झालेत आता. गाडी त्यांनी कालपासूनच बाहेर रस्त्यावर लावली होती. अंगात जुना पिवळा डागाळलेला शर्ट, डोक्यावर तीच टोपी, माझ्या मापाची. खांब स्वतः फडक्यानं पुसत होते.

“साहेब,” मी म्हणालो, “तुम्ही आणि आई पहिल्यांदा कुठं भेटलात, आठवतं?”

“म्हणजे काय? इथंच की. देवापाशी.”

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. हाताची मूठ वळली होती ती मी तशीच खिशात घातली.

“बरं झालं आलात,” ते म्हणाले आणि पिशवीतून एक नवी साखळी काढून तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. “धरा. बघा, वजनाला कशी वाटते. मधली कडी मी जरा मऊ बघून आणलीय. मागच्या खेपेला महिनाभर कंबर धरली होती माझी.”